निर्जळी शनिवार

शिवराज पत्र लिहायला बसला की आधी तळहातावरची सुटलेली साल नखानं काढून टाकायचा. दोरावर चढून चढून हात सोलवटलेले. सालीचा एखादा तुकडा पाकिटात गेला आणि तनुजाच्या हाती लागला तर तिला सगळं कळेल, ही त्याची भीती. हात असे साफसूफ करून मग तो लिहायचा, ‘प्रिय तनू, इथं लई मजा आहे. जेवण चांगलं असतं. माझं वजन वाढलं.’

वजन घटलं होतं. कमरेचा पट्टा सैल पडला म्हणून कवायत घेणाऱ्या उस्तादांनी खिळा ठोकून त्याला नवीन भोक पाडून दिलं होतं. फौजेच्या त्या शिबिरात पहाटे अंधारात शिट्टी व्हायची. डोळे उघडायच्या आत गादीची घडी झालेली पाहिजे, आणि तीही अशी की कड मोजून घ्यावी. मग पळणं, दोर, दंड, कवायत. एखाद्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की सगळी बॅरक आपापली पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायची. त्याला तिथं रगडा म्हणतात. रगड्याला कारण लागतंच असं नाही. ऊन चांगलं पडलं, एवढंही पुरतं.

यातलं एक अक्षर त्यानं पत्रात कधी उमटू दिलं नाही. उलट लिहायचा, ‘शनिवारी तर परेडच नसते. बॅरक झाडून घेतो आणि दिवसभर लोळतो.’ शनिवारी काय असायचं? पाठीवर भरलेला पिठ्ठू, हातात रायफल, आणि डोंगराला वळसा घालून लांब पल्ल्याचं पळणं. आठवड्यातला सगळ्यांत वाईट दिवस तो. पण तनुजा तिकडं मशीनवर बसून काळजी करील, सुई बोटात घुसवून घेईल, म्हणून त्यानं तिच्यासाठी एक वेगळंच शिबिर रचलं होतं. त्या शिबिरात लोक पुरी-भाजी खायचे आणि लोळायचे.

शिवराज मनगटे कन्नडच्या पुढचा, घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावचा. वडील कचरूभाऊ घाटातून चाळीसगावपर्यंत काळी-पिवळी जीप चालवायचे. पोरानं स्टिअरिंगला हात लावला की ओरडायचे, ‘ह्याच्यावर बसू नको. ह्याच्यावर एकदा बसला की उतरत नसतो माणूस.’ म्हणून बारावी होताच पोराला छत्रपती संभाजीनगरला पाठवलं, भरतीच्या अकॅडमीत. हडकोत चार पोरांत एक खोली. सकाळी हर्सूल तलावाकडं पळायचं, रविवारी दौलताबादचा किल्ला चढायचा-उतरायचा, आणि रात्री खिचडीला फोडणी कुणी द्यायची यावरून भांडायचं.

पहिल्या भरतीत तो पळण्यात मागं पडला. दुसऱ्या भरतीत पळण्यात पुढं आला, तर कानात मळ निघाला म्हणून डॉक्टरांनी बाजूला काढला. गावात लोक विचारायचे, ‘काय रे, काहून नाय घेतलं?’ आणि त्याला सांगता येईना. कानातल्या मळानं घरी बसलो, हे कसं सांगावं माणसानं?

त्याच दिवसांत त्याच्या ट्रॅक पॅन्टची चेन तुटली. टीव्ही सेंटरजवळ सगीरा आपांचं फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. तिथं मशीनवर तनुजा बसायची. तिनं चेन बसवून दिली. दोन दिवसांनी पॅन्ट पुन्हा आली, म्हणे खाली उसवली. पुन्हा चार दिवसांनी आली, आता म्हणे कंबर सैल होते. तनुजानं ती पॅन्ट उजेडात धरली आणि म्हणाली, ‘ब्लेडनं उसवलेलं आणि घासून उसवलेलं मला वेगळं कळतं. पुढच्या वेळी शर्ट आणा, पॅन्टीत आता शिवायला जागा नाही राहिली.’ सगीरा आपा पडद्याआडून एवढ्या मोठ्यानं हसल्या की शिवराज पैसे न देताच पळाला.

जात त्यांच्या आड येणारी नव्हती. दोघांची घरं सोयरिकीत बसण्यासारखी. आड आली ती पुढं चार वर्षं, पण ते नंतर.

श्रावणातल्या शनिवारी शहरातले लोक खुलताबादला भद्रा मारुतीला चालत जातात. त्या वर्षी शिवराज गेला, आणि सगीरा आपांच्या गल्लीतल्या बायांबरोबर तनुजाही गेली. भद्रा मारुती निजलेला आहे. शेंदरात माखलेला देव असा शांत झोपलेला बघितला की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. दर्शन झाल्यावर तनुजानं त्याला पिंपळाखाली थांबवलं. ती म्हणाली, ‘मी नवस बोलले. तू भरती झाला तर कसम परेड होईपर्यंत तू शनिवार धरशील म्हणून.’

‘माझ्या वतीनं तू बोलली?’

‘मग काय झालं? उपवास तर तुलाच करायचाय.’

‘लई भारी. नवस तुझा, पोट माझं.’

‘आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितला की नवस हलका होतो. शपथ घे.’ तिनं त्याचा हात ओढून स्वतःच्या गळ्याला लावला. ‘माझ्या गळ्याची शपथ. जोवर मी सुटली म्हणत नाही, तोवर नाही सांगायचं.’

गळ्याची शपथ मराठी घरातलं प्रत्येक लेकरू घेतं, आणि खोटं निघालं तर ज्याच्या गळ्याची शपथ त्याच्यावर येतं, हे प्रत्येक लेकराला ठाऊक असतं. मोठं झाल्यावर लोक त्याला हसतात. मनातून मात्र कुणी मोडून बघत नाही. ज्यानं घातली त्यानंच ‘सुटली’ म्हटलं की शपथ उतरते, दुसरा कुणी ती उतरवू शकत नाही. शिवराजनं शपथ घेतली. आणि तिसऱ्या भरतीत तो अग्निवीर म्हणून निवडला गेला. आता सांगा, ज्याचं असं झालं त्यानं नवसाला कसं हसावं?

पेढे वाटून झाल्यावर मग नियमांकडं लक्ष गेलं. चार वर्षं लग्न करायचं नाही. चार वर्षांनी चौघांतला एक ठेवणार, बाकीचे घरी. तनुजाची आई आशाबाई कडक बाई. वडील वाळूजला कंपनीत पाळ्यांवर, म्हणून घरातला शब्द आशाबाईंचाच चालायचा. चार वर्षांच्या फौजीसाठी पोरगी बसवून ठेव, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? दोघांनी मिळून ठरवलं की कसम परेड झाली, म्हणजे तिरंग्यासमोर शपथ घेऊन तो पुरता सैनिक झाला, की तो वर्दीवर घरी येईल, आई-वडिलांना घेऊन आशाबाईंच्या दारात उभा राहील आणि तिथंच शब्द मागेल. तोवर गप्प राहायचं. सगळी भिस्त त्या परेडवर.

शिबिरात मोबाइल जमा असायचा. रविवारी तासाभरापुरता हाती यायचा, तेव्हा तो घरी फोन करायचा. तनुजाचा फोन तिच्या भावाच्या, अभयच्या हातात जास्त असायचा. म्हणून पत्रं. पाकिटावर सगीरा आपांच्या दुकानाचा पत्ता. पोस्टमन म्हणायचा, ‘आपा, तुमचे रिश्तेदार फौजमध्ये कधीपासून?’ आपा म्हणायच्या, ‘जबसे ट्रॅक पॅन्ट फटने लगी, तबसे.’

शिवराजच्या शेजारची खाट नोमानची. फर्दापूरचा पोरगा, अजिंठ्याच्या पायथ्याशी वडिलांचं शोभेच्या दगडांचं दुकान. शनिवारी शिवराज ताटात घेतल्यासारखं करायचा आणि पुऱ्या नोमानच्या ताटात सरकवायचा. दूध आणि केळं तेवढं घ्यायचा. उपाशी कुणी राहू नये याकडं लंगरमध्ये, म्हणजे जेवणघरात, उस्तादांचं बारीक लक्ष असे, कारण पडलेल्या पोराचा जाब त्यांना द्यावा लागे. नोमानला न सांगता कळलं. त्यानं काही विचारलं नाही, नुसता म्हणाला, ‘तुझ्या मारुतीच्या मेहरबानीनं माझी शर्टाची बटनं तुटायलीत. एखादा देव गुरुवारी पण धर, हलवा असतो.’

पुढं एकदा तोच गंभीर होऊन बोलला. ‘हे बघ, मोहरममधी आशुऱ्याचा रोजा मी धरला. उस्तादला जाऊन सांगितलं. त्यांनी शिव्या दिल्या, मग लंगरवाल्याला सांगून मला अजानीआधी खायला घालायला लावलं, आन त्या दिवशी मैदानाऐवजी पहाऱ्याला उभा केला. सांगितलं की होतं, यार. तू सांग ना.’

‘नाय सांगता येत.’

‘काहून?’

‘तेबी नाय सांगता येत.’

ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं तेव्हा तनुजाचं पत्र आलं. अक्षर नेहमीसारखं रांगेत नव्हतं. ‘रविवारी पाहुणे बघायला येणार आहेत. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. आईला फोटो आवडला. मी कांदेपोहे खारट करीन, पण त्यानं कितीदा भागणार? परेड जवळ आली आहे, तेवढं निभायला पाहिजे. तू एक कर. रविवारच्या आधीचा शनिवार निर्जळी धर. पाण्याचा थेंब नको. मी पण धरते. तुला शनिवारी आरामच असतो म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं.’

शिवराजनं ते शेवटचं वाक्य पुन्हापुन्हा वाचलं. त्यात तिचा काही दोष शोधून सापडेना. तिनं त्याच्याच शिबिरावर विश्वास ठेवला होता, लोळायच्या शिबिरावर. आता उलट टपाली कळवावं की शनिवारी आम्ही ओझं घेऊन डोंगर पळतो, तर पत्र पोचेपर्यंत शनिवार उलटून जाणार. आणि पोचलंच, तर पाहुण्यांसमोर बसायच्या आधी हे वाचून तिचं काय होईल? त्यानं पत्र घडी करून उशीच्या खोळीत ठेवलं. देवाला सांगितलं, तू निजलेला असलास तरी बघतोस, एवढा एक दिवस काढून दे.

शनिवारी त्यानं चहासुद्धा घेतला नाही. नोमाननं पाण्याची बाटली पुढं केली, त्यानं मान हलवली. नोमान दातओठ खाऊन म्हणाला, ‘पागल झाला काय बे!’ तेवढ्यात शिट्टी झाली.

डोंगराच्या चढाला तो सगळ्यांच्या पुढं होता, हे विशेष. जीभ टाळ्याला चिकटलेली, पण पाय चालत होते, आणि त्याला वाटलं देवच पळवतोय. उतारावर पोरं त्याच्या पुढं निघाली आणि कानात मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं झालं. मग समोरच्या पोराचा पिठ्ठू एकदम पांढरा दिसला. पुढचं त्याला आठवत नाही. बाकीच्यांनी पाहिलं ते असं की शिवराज पळता पळता आडवा झाला, हातपाय झटके देऊ लागले, डोळे फिरले आणि तोंडातून रक्त आलं.

जागा झाला तेव्हा दवाखान्याच्या खाटेवर होता. हाताला सलाईन, जीभ दाताखाली येऊन फाटलेली. पाणी पोटात गेलंय की नुसतं शिरेत, असा पहिला विचार त्याच्या मनात आला.

डॉक्टर मॅडम मेजर होत्या. नागपूरकडच्या, म्हणून त्याच्याशी मराठीत बोलायच्या. त्यांनी विचारलं, ‘सकाळी काय खाल्लं होतं?’

फाटक्या जिभेनं तो म्हणाला, ‘पुरी-भाजी, मॅडम.’

‘पाणी?’

‘प्यालो होतो.’

शिवराजला डोंगरावरून मैदानावर आणल्यावर उस्तादांनी नोमानला हेच विचारलं होतं, आणि मित्राला रगडा बसू नये म्हणून तोही बोलून गेला होता, ‘जी उस्ताद, खाया था.’ आता दोघांची साक्ष जुळली. मैदानावरच ग्लुकोजचं सलाईन लावलेलं असल्यामुळं रक्तातली साखर दवाखान्यात तपासली तेव्हा ठीक निघाली. मॅडमनी कागदावर बराच वेळ लिहिलं. मग खाटेच्या कडेला उभं राहून सरळ सांगितलं. ‘हे बघ शिवराज. उपाशी, तहानलेला माणूस उन्हात पडला तर मी समजू शकते. चार दिवसांत उठून कामाला लागतो तो. पण खाऊन-पिऊन असलेला तरुण मुलगा असा झटके येऊन पडतो, जीभ चावतो, तेव्हा आम्हाला फेफऱ्याचा संशय घ्यावा लागतो. फेफरं असलेल्याच्या हातात रायफल देत नाहीत. मोठ्या दवाखान्यात पाठवते. तिथलं मेडिकल बोर्ड काय ते ठरवील.’

‘म्हणजे घरी?’

‘बोर्ड ठरवील,’ त्या म्हणाल्या. पण त्यांच्या तोंडावर उत्तर दिसत होतं.

कानात मळ निघाल्यावर घरी गेलेला पोरगा आता फेफरं घेऊन घरी जाणार. गावात काय सांगायचं, हा प्रश्न यावेळी त्याला पडलाच नाही. आशाबाईंच्या दारात काय घेऊन उभा राहणार, एवढाच पडला.

सांगायला एका वाक्याचं काम होतं. मॅडम, उपवास होता, पाणीही घेतलं नव्हतं. पण ते वाक्य जिभेवर आलं की त्याच्या बोटांना तनुजाच्या गळ्याची ऊब जाणवायची. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती ती, पण तो एकटा पडून होता आणि छताचा पंखा फिरत होता. आपण बोललो आणि तिकडं तिला काही झालं तर? दुचाकीवर मागं बसून घरी जाते, जळगाव रोडला ट्रक असतात. आजीनं सांगितलेल्या कुठल्या कुठल्या गोष्टी त्याला आठवायला लागल्या. नवसाच्या जोरावर जे मिळालं ते, शपथ मोडून कसं राखायचं?

संध्याकाळी नोमान भेटायला आला. आल्या आल्या म्हणाला, ‘मी खोटं बोललो ते तुझ्यासाठी. पण आता तू बोल. माझा रगडा निघाला तर निघू दे, पेटी काय, मी अख्खी खाट डोक्यावर घेतो.’

तेव्हा शिवराजनं त्याला शपथ कुणाची आणि कशी, एवढं सांगितलं. उपवासाचं नाव न घेता. नोमान डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, ‘मग तिच्याकडून सुटली म्हणवून घे. लिही. मी आत्ता पोस्टात टाकतो.’

शिवराजनं तिथंच लिहिलं. ‘तनू, मला दवाखान्यात ठेवलं आहे. घाबरू नको. डॉक्टर विचारतात आणि मला सांगता येत नाही. नाही सांगितलं तर घरी पाठवतील. शपथ सुटली असं लिहून पाठव. लगेच पाठव.’ घाबरू नको लिहून वर असं लिहिलं तर कोण घाबरणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं ते नोमान पाकीट घेऊन गेल्यावर.

उत्तराची वाट बघण्यात दिवस गेले. डाक वाटणारा शिपाई वॉर्डात आला की शिवराज कोपरावर उठून बसायचा. शिपाई दारातूनच मान हलवायचा. शेजारच्या खाटेवर घोटा मोडलेला राजस्थानी पोरगा होता, तो चिडवायचा, ‘भाभी नाराज है क्या?’ शिवराज हसायचा. आणि मनात म्हणायचा, नाराज असू दे, पण असू दे.

मोठ्या दवाखान्यात न्यायची गाडी सकाळी येणार, असं कळलं त्या दिवशी दुपारची डाकही कोरडी गेली. मॅडम फेरीवर आल्या. कागद चाळता चाळता थांबल्या. ‘तुझा आतापर्यंतचा सगळा रेकॉर्ड चांगला आहे. कधी आजारी नाही, काही नाही. मला हे पटत नाहीये. शेवटचं विचारते. त्या दिवशी पोटात काय होतं?’

शिवराजनं डोळे मिटले. खुलताबादचा शेंदरी देव डोळ्यांपुढं आणला. आता हा मोठा उलटा मामला होता. काही दिवसांनी तिरंग्यापुढं उभं राहून शपथ घ्यायची, आणि तिथं उभं राहायला मिळावं म्हणून आज एक मोडायची. त्यानं देवाला म्हटलं, जे यायचं ते माझ्यावर येऊ दे, तिच्या गळ्याला धक्का लावू नको. आणि डोळे न उघडताच बोलला, ‘काही नव्हतं, मॅडम. पाणीपण नाही. शनिवार होता.’

मॅडम एवढ्या संतापल्या की वॉर्डातली सगळी पोरं उठून बसली. ‘नालायका! मी तुझ्या मेंदूचे आलेख काढायला निघाले होते! मी स्वतः सोमवार करते. पण पाठीवर ओझं घेऊन डोंगर पळत नाही करत! कोणत्या देवानं सांगितलं तुला?’ मग खुर्ची ओढून खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘आधी का नाही सांगितलंस रे?’

नोमानला बोलावलं, त्यानं कान पकडले. सकाळची गाडी दुसऱ्याच रुग्णाला घेऊन गेली. कागदावरचा फेफऱ्याचा संशय खोडला गेला. पण हुकूम मोडून उपाशी पळाला, वरिष्ठांशी खोटं बोलला आणि इतके दिवस खाटेवर गेले, म्हणून शिवराजला मागच्या बॅचमध्ये टाकलं. त्याच्या सोबतची पोरं दिवाळीनंतर कसम घेणार. तो घेणार होळीच्या सुमाराला, तेही सगळं नीट पार पडलं तर. नोमान त्याच्यासोबत पेटीची एक कडी धरून नव्या बॅरकपर्यंत आला. मैदानाला फेऱ्या मारून त्याची मान आखडली होती. त्यानं पेटी ठेवली, खाट हातानं झटकली आणि शिट्टी झाल्यावर पळत गेला.

तनुजाचं उत्तर अजून नव्हतं. शपथ मोडून बरेच दिवस झाले होते. शिवराजला रात्री झोप नव्हती, दिवसा घास जात नव्हता, आणि आता तर त्याला खाणं भाग होतं, नवा उस्ताद समोर उभा राहून खायला लावायचा.

रविवारी मोबाइल हाती आला तेव्हा पहिल्यांदाच त्यानं घरी न लावता सगीरा आपांच्या दुकानात लावला. नंबर दुकानाच्या पाटीवर होता, तो पाठ होता.

‘या अल्ला, शिवराज बेटा!’ आपा म्हणाल्या. ‘कुठं होता रे तू?’

‘आपा, तनू कशी हाय?’

पलीकडून नुसता मशीनचा आवाज आला.

‘बरी आहे. आता बरी आहे,’ आपा घाईनं म्हणाल्या. ‘तुझी चिठ्ठी वाचली आणि पोरीनं पाणी सोडलं. माझ्यामुळं झालं म्हणे. मशीनवर बसल्या बसल्या कलंडली. मी घाबरले, बेटा. पराई पोरगी, माझ्या दुकानात. मी तिच्या आईला बोलवून सगळं सांगून टाकलं. मला माफ कर. त्या इथंच आहेत. आता रोज सोबतच येतात. थांब.’

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मागं मशीन चालू होतं, ते थांबलं.

‘शिवराज का?’ आशाबाईंचा आवाज त्यानं पहिल्यांदा ऐकला.

‘व्हय, मावशी.’

‘तिनं चिठ्ठी लिहिली होती तुला. सुटली, सुटली म्हणून पान भरून लिहिलंय. मी टाकू दिली नाही. माझ्याकडं आहे.’

म्हणजे त्यानं मोडायच्या आधीच शपथ सुटली होती की नंतर, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं. पण बाईंनी ते विचारू दिलं नाही.

‘मला एक सांग. शनिवारी तिथं आराम असतो?’

‘नाय.’

‘मग काय असतं?’

त्यानं सांगितलं. ओझं, रायफल, डोंगर. सगळं सांगितलं.

‘मग माझ्या पोरीला खोटं काहून लिहिलं?’

‘तिला काळजी वाटंल म्हणून.’

‘आणि आता नाही वाटली?’

मागं रांगेत उभी पोरं खुणा करत होती, आटप म्हणून.

‘तनुजा म्हणते परेड झाली की तू आई-बापाला घेऊन येणार. पुण्याच्या पाहुण्यांचा होकार आलाय. तुळशीचं लग्न झालं की लोक तिथी धरतात, मला त्याआधी काहीतरी सांगावं लागंल. तुझी परेड कवा आहे?’

दिवाळीनंतर, हे शब्द त्याच्या तोंडात तयार होते. कितीतरी पत्रांतून लिहिलेले. ते म्हटले असते तर बाईंनी कदाचित तेवढे दिवस थांबवलं असतं. मशीन अजून बंदच होतं. तिकडं तनुजा ऐकत होती.

‘दिवाळीनंतर माझ्या सोबतच्यांची आहे,’ तो म्हणाला. ‘माझी नाय. मला मागं टाकलं. होळीला होईल. आणि मावशी, चार वर्षं लगीन करता येत नाय. चार वर्षांनी ठेवतील का नाय, ते मला माहीत नाय. कुणालाच माहीत नसतं.’

फोन कटला का, म्हणून त्यानं तो कानापासून काढून बघितला.

‘जेवला का?’ आशाबाईंनी विचारलं.

‘थोडं.’

‘थोडं म्हणजे किती?’

‘एक चपाती. पुढं गेली नाय.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘नवस तिनं बोलला, तो ती फेडील. मी तिला खुलताबादला घेऊन जाते, नारळ वाढवून देवाची माफी मागतो. तू आता शनिवार धरायचा नाही. आणि दुकानाच्या पत्त्यावर चिठ्ठी यायची नाही. लिहायची तर घरी लिही, मी आधी वाचीन. पाहुण्यांना काय सांगायचं ते माझं अजून ठरलं नाही. ती काही बोलली तरी तू भरवसा धरू नको.’

त्यांनी घरचा पत्ता सांगितला. त्यानं तो हातावर लिहून घेतला. तनुजाशी बोलू द्या म्हणायचा धीर त्याला झाला नाही, आणि त्यांनीही फोन तिला दिला नाही.

त्या दिवशी दुपारी नव्या बॅरकमधली पोरं कपडे धूत होती. शिवराज खाटेवर मांडी घालून बसला. कागदावर ‘प्रिय’ लिहिलं आणि तो कागद बाजूला ठेवला. दुसरा घेतला. ‘ती. मावशींना शिवराजचा साष्टांग नमस्कार,’ असं लिहिलं. त्याखाली पहाटेच्या शिट्टीपासून सगळं लिहायला घेतलं, पेटीच्या फेऱ्या, घटलेलं वजन, फाटलेली जीभ अजून तिखट लागू देत नाही ते, आणि ज्या उस्तादांपासून त्यानं उपवास लपवला त्यांनीच त्याला कसं खांद्यावर घेऊन डोंगर उतरवला ते. हे वाचून पुण्याच्या पाहुण्यांना होकार द्यायला बाईंना कारणच मिळेल, हे त्याला लिहिताना दिसत होतं. तो लिहीत राहिला.